विश्लेषण : हॉटेल रात्रभर उघडे, पण शेजाऱ्याला विचारले कोणी?

राज्यातील दुकाने, हॉटेले आणि उपाहारगृहे 24 तास सुरू ठेवता येतील, असा खुलासा करणारा शासन निर्णय 1 ऑक्टोबर 2025 रोजी निघाला. बहुतेकांच्या मोबाइलवर ही बातमी ‘आता रात्रभर सगळे उघडे’ एवढ्याच रूपात पोहोचली. प्रत्यक्षात निर्णय इतका सरसकट नव्हता. जेवण रात्रभर मिळू शकते; पण दारू, गाणे, नाच आणि गच्चीवरचा साउंड यांचे नियम वेगळे, त्यांची कार्यालये वेगळी आणि वेळाही वेगळ्या. या वेगळेपणातून वाट काढताना हॉटेलमालक, तिथले कामगार, कलाकार आणि वरच्या मजल्यावरचा रहिवासी असे सगळेच अडकतात.

नेमके काय खुले झाले?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 हा कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू आहे. त्यात ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासून पुढचे 24 तास, अशी व्याख्या आहे. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एकदा सलग 24 तासांची सुट्टी मिळत असेल, तर आस्थापना आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येते.

म्हणजे रात्रभर हॉटेल चालवण्याची मुभा 2025 मध्ये नव्याने मिळाली असे नाही. कायद्यात ती होतीच. तरीही स्थानिक पातळीवर पोलिस आणि इतर यंत्रणा दुकाने बंद करायला लावतात, अशा तक्रारी आल्यामुळे खुलासा करावा लागला. मात्र परमिट रूम, बीअर बार, डान्स बार, हुक्का पार्लर, डिस्कोथेक आणि दारूची दुकाने यांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे, आणि 24 तासांच्या मुभेतून ही आस्थापने वगळली आहेत.

मुंबईत जानेवारी 2020 मध्ये ‘नाइट लाइफ’चा निर्णय झाला, तेव्हाही हेच घडले होते. मॉल आणि खाण्याची ठिकाणे रात्रभर खुली ठेवण्याची परवानगी मिळाली. मद्यविक्रीची रात्री दीडची मर्यादा मात्र तशीच राहिली. चर्चा झाली ती फक्त पबची.

रात्रीचे हॉटेल कोणाला हवे असते?

या वादात एक बाजू नेहमी दुर्लक्षित राहते. रात्री दोन वाजता चहा आणि गरम जेवण शोधणारा माणूस बहुतेक वेळा पार्टीतून आलेला नसतो. रुग्णालयात भरती असलेल्या पेशंटचे नातेवाईक, पाळी संपवून निघालेले कामगार, रिक्षा-टॅक्सीचालक, परगावाहून उशिरा उतरलेले प्रवासी यांना रात्री उघडे असलेले हॉटेल ही गरज असते.

दुसरीकडे हॉटेलच्या आत राबणारा वेटर, स्वयंपाकी, भांडी घासणारा मुलगा यांचीही रात्र असते. शेवटची लोकल गेल्यावर घरी कसे जायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. महिला कामगारांबाबत कायदा स्पष्ट आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे असेल, तर त्यांची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन आवश्यक आहे. परवानगी देताना याची खातरजमा झाली नाही, तर ‘24 तास’ या शब्दाचा भार सर्वात कमी पगार असलेल्या माणसावर पडतो.

एका हॉटेलसाठी दारे किती?

मुंबईत खाद्यगृहाचा आरोग्य परवाना महापालिका देते. अन्न सुरक्षेचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. आगीच्या बाबतीत अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला लागतो. शिवाय 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते. मद्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-3 परवाना. गाणे, वाद्यवृंद किंवा नृत्य असेल तर पोलिसांचा सार्वजनिक करमणुकीचा परवाना. गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत टेबले मांडायची, तर इमारत विभागाची मंजुरी.

प्रत्येक खाते आपापला चौकोन तपासते. दारूचा परवाना देणारा आवाज मोजत नाही. आवाजाची तक्रार घेणारा बाहेर पडायचा रस्ता किती रुंद आहे हे पाहत नाही. अग्निशमन दलाला आत कोणता कार्यक्रम आहे याची कल्पना नसते. संपूर्ण हॉटेल, त्याच्या रात्रीच्या रूपात, कोणीच पाहत नाही. नियमाने वागू पाहणाऱ्या मालकालाही याचा त्रास होतो. सगळे कागद असूनही रात्री गस्तीवर आलेला शिपाई काय म्हणेल, याचा भरवसा नसतो. अशा अनिश्चिततेतच हप्त्याची संस्कृती वाढते.

संगीत किती वाजेपर्यंत?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सभागृह, परिषद कक्ष, मेजवानीचा हॉल अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत आवाज राहील इतपत मुभा आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते.

म्हणजे हॉटेलला दीड वाजेपर्यंत मद्य देण्याचा परवाना आहे म्हणून त्याच्या गच्चीवर दीडपर्यंत साउंड वाजवता येतो, असे नाही. हा गैरसमज ग्राहकांत आहे, तसा अनेक चालकांतही आहे. मद्याची वेळ आणि संगीताची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, व्यापारी भागात 55. पण नियमात तक्रारीचा हक्क सांगितला आहे तो मर्यादेपेक्षा 10 किंवा अधिक डेसिबल आवाज झाल्यावर. डेसिबलचे माप सरळ रेषेत चढत नाही. 10 डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. ज्याच्या भिंतीपलीकडे डीजेचा ठोका पडतो आहे, त्याने हे घरात बसून मोजायचे कसे? शिवाय तळमजल्यावर हॉटेल आणि वर घरे, अशा इमारती आपल्या शहरांत सर्वत्र आहेत. तिथे ‘निवासी’ की ‘व्यापारी’, हा प्रश्न कागदावर सुटेपर्यंत रात्र उलटून गेलेली असते.

गाण्या-नाचावर अटी किती?

करमणुकीच्या परवान्यात दुसरे टोकही दिसते. तिथे आवाज किंवा सुरक्षेपेक्षा नैतिकतेच्या नावाखाली अटी घालण्याकडे कल राहिला. 2005 मध्ये डान्स बारवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. त्यानंतर 2016 च्या नव्या कायद्यातील काही अटी 17 जानेवारी 2019 रोजी रद्द झाल्या. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतर आणि आत सीसीटीव्हीची सक्ती या त्यांपैकी. मात्र संध्याकाळी 6 ते रात्री 11.30 ही वेळ न्यायालयाने मान्य केली.

ऑर्केस्ट्रा बारमध्ये मंचावर चार महिला आणि चार पुरुष कलाकारच असावेत, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 18 फेब्रुवारी 2022 रोजी ती रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली. त्यात महिला किती आणि पुरुष किती, हे ठरवण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याला नाही, असे त्यातून स्पष्ट झाले.

मंचावर गायिका किती, हे मोजायला यंत्रणेकडे वेळ होता. आपत्कालीन दरवाजे किती, हे मोजण्यात तेवढी तत्परता दिसली का?

परवानगी कागदावरच राहिली तर?

या प्रश्नाचे उत्तर दोन दुर्घटनांनी दिले आहे. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिल परिसरात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि 14 जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरभर बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला आणि 2018 मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली.

आठ वर्षांनी, 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यातील हडफडे येथे एका नाइट क्लबला आग लागली. तिथे 25 जण दगावले. त्यात बहुतांश क्लबचे कर्मचारी होते. पोटासाठी परराज्यातून आलेली ही माणसे होती. ग्रामपंचायतीने त्या बांधकामाविरुद्ध पाडण्याचा आदेश दिला होता, त्याला वरून स्थगिती मिळाली होती आणि क्लब सुरूच राहिला होता, हे नंतर पुढे आले. मग अधिकारी निलंबित झाले, इतर क्लबची तपासणी सुरू झाली. वरातीमागून घोडे, ते असे.

दोन्हीकडे नियम नव्हते असे नाही. नियम होते, खाती होती, कागद फिरत होते. ‘ही जागा आज रात्री सुरक्षित आहे’ असे एकत्रित उत्तर देण्याची जबाबदारी मात्र कोणा एकावर नव्हती.

रहिवाशाच्या हाती काय आहे?

सध्या दोनच टोके आहेत. एक, मध्यरात्री पोलिसांना फोन करणे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करण्याचे निर्देश पोलिसांना दिले. तो खटला प्रार्थनास्थळांवरील भोंग्यांचा होता. पण ज्याच्या दारासमोर हॉटेलचे बाउन्सर उभे असतात, त्याच्यासाठीही हे तत्त्व तितकेच मोलाचे आहे.

दुसरे टोक म्हणजे ‘बाटली आडवी’. प्रभागातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान होते आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होते. 2008 च्या आदेशाने मिळालेला हा हक्क राज्यातील महिलांनी गाजवला आहे. गृहनिर्माण संस्थेच्या गाळ्यात नवे बीअर किंवा मद्याचे दुकान उघडण्यासाठी त्या संस्थेचा ना हरकत दाखला लागेल, असेही सरकारने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केले.

या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी आहे. हॉटेल सुरू राहावे, पण अकरानंतर गच्ची बंद असावी. गाणे असावे, पण खिडक्या बंद असाव्यात. गाड्या गल्लीत लागू नयेत, अशी साधी मागणी कुठे मांडायची, याला आज उत्तर नाही.

इतर ठिकाणी काय करतात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा परवाना कायदा 2005 पासून अमलात आहे. तिथे मद्य, संगीत आणि रात्री उशिराचे खाद्यपदार्थ यांचा परवाना स्थानिक परिषदेकडूनच मिळतो. अर्ज केल्यावर जागेच्या दर्शनी भागात फिकट निळ्या कागदावर 28 दिवस नोटीस लावावी लागते. त्या मुदतीत कोणीही म्हणणे मांडू शकतो. हरकत आली तर सुनावणी होते आणि परवानगी द्यायची की नाही, यापेक्षा कोणत्या अटींवर द्यायची, यावरच बहुतेक चर्चा होते. गुन्हे रोखणे, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण, एवढ्या चारच निकषांवर निर्णय घ्यावा लागतो. आवडीनिवडी आणि नैतिकता यांना तिथे जागा नाही. पुढे त्रास झाला तर रहिवासी परवान्याच्या फेरविचाराची मागणी करू शकतात.

मार्ग काय?

इंग्लंडची नक्कल करण्याची गरज नाही. महाराष्ट्रात प्रभाग कार्यालये आहेत, पोलिस ठाणी आहेत, ऑनलाइन अर्जही आहेत. त्यांची सांगड घालायची आहे. रात्री अकरानंतर चालणाऱ्या किंवा करमणूक देणाऱ्या प्रत्येक हॉटेलसाठी महापालिका, अग्निशमन दल, उत्पादन शुल्क आणि पोलिस यांची एकच संयुक्त पाहणी व्हावी, तीही रात्रीच्या वेळी. अर्जाची नोटीस इमारतीवर आणि संकेतस्थळावर लागावी. शेजाऱ्यांचे म्हणणे परवान्यापूर्वी ऐकले जावे आणि अटी लेखी असाव्यात.

मंजूर वेळ, संगीताची वेळ, आत किती माणसे मावतात तो आकडा, शेवटच्या ‘फॉर्म बी’ची तारीख आणि तक्रारीचा क्रमांक असा एक फलक हॉटेलच्या दारावर लावला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील. ग्राहकाला कळेल, शेजाऱ्याला कळेल आणि नियम पाळणाऱ्या मालकाला गस्तीवरच्या शिपायासमोर बोट दाखवायला काहीतरी असेल.

रात्रीचे शहर नको, असे म्हणून चालणार नाही. ते रोजगार देते आणि अनेकांची भूक भागवते. पण ज्यांच्या झोपेवर आणि ज्यांच्या जिवावर ते चालते, त्यांना परवानगीच्या टेबलावर खुर्ची मिळायला हवी. आज ती खुर्ची मिळते फक्त चौकशी समितीसमोर, आणि तोवर उशीर झालेला असतो.