शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी

स्वीडनमधील ‘अ‍ॅट द गेट्स’ या मेलॉडिक डेथ मेटल बँडचे गायक टोमास लिंडबर्ग यांना डिसेंबर २०२३ मध्ये तोंडाचा आणि टाळूचा कॅन्सर असल्याचे निदान झाले. टाळूचा मोठा भाग काढावा लागणार होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते गायला उभे राहिले आणि नव्या अल्बमची गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. पुढे रेडिएशन झाले, पण आजार पुरता गेला नाही. १६ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे संगीत आपल्याकडे फार जणांच्या कानावर पडलेले नाही. वेगवान, तरीही सुरेल गिटार आणि तिच्यावर गुरगुरल्यासारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज, असे त्याचे स्वरूप. याच बँडचा १९९५चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ हा जेमतेम ३४ मिनिटांचा अल्बम या शैलीचा मानदंड मानला जातो. असा आवाज काढताना स्वरयंत्रातल्या खऱ्या स्वररज्जूंच्या वर असलेल्या घड्या, म्हणजे ‘खोट्या स्वररज्जू’, बऱ्याचदा कंप पावतात. चुकीच्या पद्धतीने ओरडले तर घसा बसतो, स्वररज्जूंवर गाठी येतात. मात्र अशा गाण्यामुळे टाळूचा कॅन्सर होतो, असा कोणताही पुरावा नाही.

लिंडबर्ग यांना झालेला ‘अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ हा लाळग्रंथींचा दुर्मीळ कॅन्सर आहे. लाळेच्या शेकडो सूक्ष्म ग्रंथी टाळूतही असतात. हा कॅन्सर हळू वाढतो, पण मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकतो. म्हणून तो मुळासकट काढणे अवघड असते आणि काही वर्षांनीही तो उलटू शकतो. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतांशी तंबाखू, गुटखा आणि सुपारीतून येतो. भारतीय पुरुषांमध्ये तर सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच. कारणे वेगळी असली, तरी टाळू काढल्यानंतरचे हाल दोन्हीकडे सारखेच असतात.

टाळू ही तोंड आणि नाक यांमधली भिंत. ती गेली की प्यायलेले पाणी नाकातून येते आणि बोलताना हवा नाकावाटे निसटते. तोंडात दाब तयार होत नाही, त्यामुळे प, ब, त, द, क, ग ही अक्षरे विरघळून जातात. यावर उपाय आहेत. मांडीची किंवा हाताची त्वचा व मांस लावून भोक बुजवता येते किंवा कवळीसारखी पट्टी बसवून ते झाकता येते. ऑपरेशनच्या टेबलावरच बसवायच्या पट्टीसाठी दातांचा आणि टाळूचा साचा शस्त्रक्रियेआधी घ्यावा लागतो. वाचा-उपचारतज्ज्ञाची पहिली भेटही आधीच झालेली बरी.

प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत हे दिवस रक्त तपासण्या, भूल देण्याआधीची तपासणी आणि संमतीपत्रावरच्या सहीत संपतात. नातेवाईक विचारतात, ‘ऑपरेशन कधी?’ डॉक्टर सांगतात, ‘सोमवारी.’ ऑपरेशननंतर आवाज कसा होईल, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. रुग्ण शुद्धीवर येतो, बायकोला हाक मारायला जातो आणि स्वतःच दचकतो. जीव वाचवणे पहिले, हे खरेच. पण लिंडबर्ग यांनीही शस्त्रक्रिया पुढे ढकलली नव्हती. हाताशी असलेला एक दिवस त्यांनी वापरला, कारण उद्या काय जाणार आहे ते त्यांना ठाऊक होते. आपल्या रुग्णालाही ते आधी कळले पाहिजे.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ‘तुम्ही काय काम करता? त्यात बोलावे किती लागते?’ हे दोन प्रश्न केस पेपरवर यायला हवेत. एसटीचा कंडक्टर, कीर्तनकार, शिक्षिका, बाजारात ओरडून भाजी विकणारा, या सगळ्यांचे पोट आवाजावर चालते. त्यांना पुढचे नियोजन करायला चार दिवस आधी सांगितले तर पुष्कळ फरक पडतो. ज्यांना हवे असेल त्यांनी घरच्या मोबाइलवर आपला आवाज साठवून ठेवावा. नातवाला सांगायची गोष्ट असेल, रोजची आरती असेल, नाही तर नुसत्या घरातल्यांच्या नावाने हाका.

आणि ही वेळच येऊ नये यासाठी टाळूवरची न दुखणारी गाठ, तोंडातला बधिरपणा, अचानक नीट बसेनाशी झालेली कवळी किंवा २-३ आठवड्यांत न भरलेले तोंडातले व्रण अंगावर काढू नयेत. दुखत नाही म्हणजे साधेच असेल, हा समज तोंडाच्या कॅन्सरमध्ये महागात पडतो. ऑपरेशन ठरलेच, तर तारखेबरोबर आणखी एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा : ‘नंतर बोलता येईल का, आणि त्यासाठी आजपासून काय करायचे?’