गळणारे शिंग आणि न गळणारे शिंग

सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंग आणि बैलाच्या डोक्यावर असते तेही शिंगच. मराठीने एकाच खात्यात टाकलेल्या या दोन वस्तू शरीररचनेच्या दृष्टीने मात्र अगदी भिन्न आहेत.

गाय, म्हैस, शेळी व काळवीट यांचे शिंग म्हणजे कवटीवर वाढलेला हाडाचा गाभा आणि त्यावर चढलेले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, टोपण. त्याला फाटे फुटत नाहीत व ते गळतही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीच्या माळावर दिसणाऱ्या काळविटाची पिळदार शिंगे जन्मभर तीच राहतात.

सांबर, चितळ, बारशिंगा यांचे शिंग निव्वळ हाडाचे असते आणि ते नरालाच येते. या कुळात रेनडिअरची मादी तेवढी अपवाद. हे शिंग गळते व पुन्हा नव्याने उगवते. कोवळेपणी त्यावर मखमलीसारखी केसाळ त्वचा असते आणि तिच्यातून रक्त खेळते. वाढ इतकी झपाट्याने होते की चाऱ्यातील कॅल्शियम पुरत नाही. मग प्राणी ते स्वतःच्या बरगड्यांतून उसने घेतो. पुढे मखमल सुकते आणि नर ती झाडाच्या खोडावर घासून काढतो. माजाचा काळ सरला की मुळाशी हाड झिजते व शिंग आपोआप गळून पडते. हिशेबाच्या भाषेत काळविटाचे शिंग ही स्थावर मालमत्ता, तर सांबराचे शिंग हा फिरून फिरून येणारा खर्च.

व्यापारी घरांना हा भेद केवळ कुतूहलाचा नाही. म्हशीच्या शिंगाची फणी वा बटण सहसा मेलेल्या जनावराखेरीज होत नाही. सांबरशिंगाचे तसे नाही. इंग्लंडमधील शेफिल्डच्या सुऱ्यांच्या मुठींसाठी ते एकेकाळी भारतातून जात असे. आपोआप पडलेली वस्तू उचलली, यात हिंसा कोठे झाली, असे कोणीही म्हणेल. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. गळालेले शिंग ओळखताही येते: त्याचे बूड खडबडीत व किंचित फुगीर असते, तर मारलेल्या प्राण्याच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो किंवा करवतीची खूण असते. परंतु मुठीसाठी तुकडे केले की बूडच उरत नाही, आणि दुकानात आलेला माल जंगलात सापडलेला की प्राणी मारून आणलेला, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. वन्यजीव संरक्षणाच्या 1972 च्या कायद्याखाली आज या शिंगाचा व्यापार, ते गळालेले असले तरी, निषिद्ध आहे.

शिवाय जंगलात ते बेवारस पडून राहत नाही. साळिंदर ते रात्री कुरतडते. पुष्कळदा हरणेही ते चघळतात आणि बरगड्यांतून गेलेले कॅल्शियम थोडेथोडे वसूल करतात.