अंतर तेच, वाट मात्र लांबली

विमानांमुळे जग जवळ आले, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. एकदा जवळ आलेले जग कायमचे जवळच राहील, असा एक समज या वाक्यात दडलेला आहे. व्यापाऱ्याने तरी तो पारखल्यावाचून स्वीकारू नये.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांचे उदाहरण घ्यावे. पृथ्वीच्या गोलावर जवळात जवळच्या रेषेने मोजल्यास त्यांमधील अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. ही रेषा सैबेरियावरून जाते. १९८३ साली फिनएअर कंपनीने या शहरांदरम्यान वाटेत न थांबणारे विमान सुरू केले, तेव्हा सैबेरियावरचे आकाश तिला मोकळे नव्हते. विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जाई व प्रवासास सुमारे १३ तास लागत. पुढे सैबेरियाची वाट खुली झाली आणि तोच प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय राष्ट्रांनी व रशियाने एकमेकांच्या विमानांस आपापले आकाश बंद केले. मार्चमध्ये फिनएअरचे टोकियोचे विमान पुन्हा ध्रुवावरून निघाले आणि प्रवास पुन्हा १३ तासांचा झाला! चाळीस वर्षांत विमाने सुधारली, पण मधले तीन तास राजकारणाने परत घेतले.

हे तीन तास फुकट येत नाहीत. इंधन जास्त, वैमानिकांचे वेतन जास्त. आणि इंधनाचे वजन वाढले की मालासाठी वजनाची मोकळीक उरते कमी. आपल्या देशासही हा अनुभव आहे. २०१९ च्या फेब्रुवारी ते जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस वळसा पडला. त्यापायी २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले.

तेव्हा दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विमानाने माल पाठविणाऱ्याने पोहोचविण्याची मुदत नकाशावरील अंतर पाहून नव्हे, तर त्या वेळी कोणती वाट खुली आहे हे पाहून कबूल करावी. दुसरी गोष्ट आपल्या संघटनांची. कर आणि वाहतुकीचे दर यांविषयी आपण सरकारकडे निवेदने पाठवितो. आकाशमार्ग मात्र परराष्ट्र खात्याचा विषय समजून सोडून देतो. राष्ट्राच्या संरक्षणाचा निर्णय सरकारनेच घ्यावयाचा, यात वाद नाही. परंतु बंद वाटेची किंमत किती पडते, हे आकड्यांनिशी सरकारपुढे मांडणे हे व्यापाऱ्याचेच काम होय. जमाखर्च ज्याच्या हाती, त्यानेच याबाबतीत मौन धरणे उचित नाही.