खाऱ्या पाण्याची टाकी, गोड्या पाण्याचे मासे

शिकागो शहरातील शेड मत्स्यालय 1930 साली उघडले, तेव्हा त्याच्या चालकांपुढे एक विलक्षण अडचण होती. मिशिगन सरोवराचे गोडे पाणी अगदी दाराशी होते. समुद्र मात्र शेकडो मैल दूर. अखेर फ्लोरिडातील की वेस्ट येथून आगगाडीच्या 20 टाकी-डब्यांच्या आठ खेपा करून सुमारे दहा लक्ष गॅलन समुद्रजल तेथे आणण्यात आले.

आता तेवढ्या खटाटोपाचे कारण उरलेले नाही. तयार क्षारमिश्रण योग्य केलेल्या नळाच्या पाण्यात कालवले की घरातच समुद्र सिद्ध होतो, आणि म्हणून अमेरिकेतील कित्येक घरांत सागरी माशांची टाकी दिसते. पण छंद खर्चाचा. काही वर्षांनी टाकी तळघरात जाते, आणि मग तीत गोड्या पाण्याचे मासे ठेवावेत असा विचार कोणाच्या तरी मनात येतो. विचार उत्तम आहे. मात्र घाई माशांच्या जिवावर बेतते.

काचेची टाकी, हीटर, पंप आणि फिल्टर यांना खाऱ्या-गोड्याचा भेद नाही. त्यांवर बसलेला चुन्याचा पांढरा थर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरात भिजवून सुटतो. नंतर भरपूर पाण्याने खळबळून सर्व सुकू द्यावे. साबण मुळीच लावू नये. प्रोटीन स्किमर हे महागडे यंत्र मात्र येथे निरुपयोगी होय: समुद्राच्या पाण्यात हवेचे बुडबुडे बारीक राहतात व मळ फेसाबरोबर वर चढतो, गोड्या पाण्यात तेच बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटून जातात. ते एखाद्या सागरी छंदिष्टाला विकून टाकणेच शहाणपणाचे.

सर्वांत मोठी फसगत होते ती जुन्या फिल्टरविषयी. फिल्टर मुरलेला आहे, तेव्हा मासे लगेच सोडण्यास हरकत नाही, असे वाटते. वस्तुतः माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जे जीवाणू समुद्रजलात वाढलेले असतात, ते गोड्या पाण्यात बहुतेक मरतात, आणि कुजून उलट अमोनियाच वाढवितात. यास्तव फिल्टर स्वच्छ करून नव्याने मुरवावा. त्यास कित्येक आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत धीर धरावा. ज्याला तो धरवत नाही त्याने मासे आणूच नयेत.

दुसरा धोका तांब्याचा. सागरी माशांच्या रोगांवर तांब्याचे औषध देतात आणि ते चुनखडीच्या दगडांत व वाळूत मुरून राहते. कोळंबी व गोगलगाई यांना त्याचा अंशही घातक. पाणी मृदू असेल तर तांबे अधिकच जहाल ठरते. टाकी दुसऱ्याकडून घेतली असून तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यास दगड-वाळू टाकूनच द्यावी, मग ती कितीही सुंदर असो.

औषध कधीच न घातलेल्या टाकीतील प्रवाळाची वाळू मात्र अगदीच टाकाऊ नाही. ती हळूहळू विरघळते व पाणी जड आणि अल्कधर्मी करते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रास ते मानवत नाही. आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांच्या माशांना तेच हवे असते. आणि मानवते ते गप्पीला. हा चिमुकला मासा त्रिनिदादच्या ओढ्यांतला. 1845 साली ‘फातेल रझाक’ जहाजातून करारबद्ध हिंदी मजूर त्या बेटावर उतरले, तेव्हा तो तेथे होताच. पुढे त्रिनिदादचे लेचमिअर गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनला धाडले, आणि 1866 साली गुंथर यांनी त्याला त्यांचे नाव दिले. त्याच्या आधी, 1859 मध्येच, व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून पीटर्स यांनी त्याचे वर्णन केले होते. तरी लोकांच्या तोंडी राहिले ते गप्पीच.

गप्पीची मादी अंडी न घालता जिवंत पिल्ले देते, आणि ती महिन्या-महिन्याने देते. टाकी बघता बघता भरते. जास्तीची पिल्ले जवळच्या ओढ्यात वा तळ्यात सोडू नयेत. ती शेजारच्या मुलांना द्यावीत, नाही तर मासे विकणाऱ्या दुकानदारास विचारावे.