आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मंडळी, या विकांताचं लिखाण जरा कडू आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय बोटींच्या ड्राय स्टॅकचा. इथे फ्लोरिडात बऱ्याच लहान मोटरबोटी पाण्यात न ठेवता पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, लोखंडी रॅकवर एकीवर एक अशा तीन-चार मजले चढवून ठेवतात. फोन केला की फोर्कलिफ्टवाला बोट काढून पाण्यात सोडतो. थोडक्यात, बोटींची चाळ.

आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलेली जुनी बोट अशाच एका चाळीत भाडेकरू आहे. मालक आता नवी शेड बांधतोय. त्याचं पत्र आलं: आगीसाठी छपराला स्प्रिंकलर आणि जोडीला फोम बसवू. रॅकच्या आत पाइप घातले तर भाडं वाढेल, म्हणून ते नकोत. तुमचं मत कळवा.

तर हे माझं मत: हा पैसे घालवून केलेला देखावा आहे.

आधी जळणार काय ते बघा. बोटीचं अंग म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. धागे जळत नाहीत, रेझिन मात्र मस्त जळतं, वर काळाकुट्ट धूर. शिवाय टाकीत पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे २०० लिटरला ६,४०० मेगाज्यूल. एका बोटीत! शेडमध्ये अशा शेकडो.

आता छपरावरून पाणी सोडा. सगळ्यात वरची बोट ते आपल्या पोटात घेते. आग खालून दुसऱ्या मजल्यावर असेल तर तिच्या डोक्यावर दोन छत्र्या उघडलेल्या आहेत. पाणी वर, आग खाली. बरं, पोटात साठलेलं पाणी फुकट नसतं, हजार लिटर म्हणजे एक टन. तापून मऊ पडत चाललेल्या रॅकवर आणखी वजन! बुडाचं बूच काढून ठेवलं तर पाणी निघून जातं हे खरं, पण टाकी फुटली तर पेट्रोलही त्याच भोकातून खालच्या बोटीवर गळतं.

"पण गोदामांत छपराचे स्प्रिंकलर चालतात की!" चालतात. तिथे खोक्यांच्या मधल्या फटींतून मोठे थेंब आगीच्या मुळापर्यंत पोचतात, हिशोबच तसा केलेला असतो. बोटींना तो हिशोब लावणं म्हणजे दुसऱ्या प्रोजेक्टचा कोड न वाचता चिकटवणं. आणि सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. प्रत्येकाची काचेची कुपी स्वतः तापली (नेहमीची साधारण ६८ अंशांना) तरच तो फुटतो. शेडच्या बाजू उघड्या असल्या तर समुद्रावरचा वारा उष्णता भलतीकडे नेतो, आणि फुटायला हवा तो फुटतच नाही.

फोमचं म्हणाल तर तो जमिनीवर साचलेल्या पेट्रोलवर उत्तम पसरतो. मजल्यामजल्यावरून गळणाऱ्या जळत्या धारेवर तो टिकत नाही. त्यातून जुन्या पद्धतीच्या एएफएफएफ फोममध्ये पीफास रसायनं असतात, जी निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. थ्रीएम कंपनीने २००० साली त्यातल्या पीफॉसचं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये २०२५ अखेर सगळ्याच पीफासमधून बाहेर पडणार असं जाहीर केलं. आपण ते खाडीच्या काठावर टांगायचं? फ्लोरीनविरहित फोम मिळतात, पण गळत्या धारेपुढे तेही हतबलच. कुणी गॅस सुचवेल, तर गॅसला बंद खोली लागते. वर आग विझवण्याइतका कार्बन डायऑक्साइड भरला तर आतला फोर्कलिफ्टवाला आधी मरेल.

उत्तर साधं आहे. प्रत्येक मजल्यावर रॅकच्या आत स्प्रिंकलर, आणि छपराचेही. फोर्कलिफ्टचा धक्का लागून पाइप फुटतील हा आक्षेप खरा आहे, पण पाइप खांबांच्या आडोशाने नेता येतात आणि प्रत्येक विभागाला वेगळा व्हॉल्व्ह देता येतो. दक्षिण फ्लोरिडात पाणी गोठायची भीती नगण्य, तेव्हा पाइप सतत भरलेले ठेवा. कोरड्या पाइपमध्ये पाणी येईपर्यंत लागणारा वेळ इथे परवडणारा नाही. गळलेलं पेट्रोल वाहून नेणारे उतार आणि नाल्या बांधा. रॅकवरच्या बोटीची बॅटरी चार्जिंगला लावून घरी जायला बंदी घाला.

मालकाला विचारायचा प्रश्न एकच: खालच्या मजल्यावरची बोट पेटली तर पाणी तिथपर्यंत कसं पोचणार, ते नकाशावर दाखवा. एनएफपीए ३०३ हे मरिनांसाठीचं मानक आहे, एनएफपीए १३ स्प्रिंकलरसाठीचं. दोन्ही उघडून, अग्निसुरक्षेचा अभियंता सोबत बसवून दाखवा. "विमा आहे ना" हे उत्तर चालणार नाही. विमा बोटीचे पैसे देईल. त्या धुरात शिरणारा अग्निशमन दलाचा माणूस परत देणार नाही.

भाडं वाढलं तर आम्ही तिघं भरू. नुसतं छपराकडे बोट दाखवलं म्हणून खालची बोट विझत नाही. (कोटीबद्दल क्षमस्व!)