आईला नको, मला विचारा

दिव्यांगांसाठी उपकरणं बनवण्याच्या स्पर्धांना मी आता जात नाही. मला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं अस्पष्ट, हात मनासारखा चालत नाही, वय चाळिशीच्या पुढे. तरीही तिथे विद्यार्थी तयार नमुना घेऊन यायचा आणि आईकडे बघून विचारायचा, "काकू, हिला आवडेल का हो?" फोटोला मात्र मीच लागायचे.

हा अपमान आहे, आणि पैशाची नासाडीही. 1993 साली अमेरिकेतल्या 227 प्रौढ दिव्यांगांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 29.3 टक्के उपकरणं वापरणंच सोडून दिलं होतं. निवड करताना वापरणाऱ्याचं मत कुणी लक्षातच घेतलं नाही, हे त्याचं एक मोठं कारण. इतकी वर्षं उलटली, तरी उंटावरून शेळ्या हाकणं चालूच आहे.

"ज्यांना बोलताच येत नाही, त्यांचं मत घ्यायचं कसं?" या प्रश्नाने माझा संताप होतो. स्टीफन हॉकिंग यांना कुठे बोलता येत होतं? गालाच्या हालचालीवर ते अक्षरं निवडत. इंटेलच्या अभियंत्यांनी नजरेवर चालणारी यंत्रणा आणली. पापण्या झुकलेल्या, त्यामुळे तिला नजर सापडेना. मेंदूचे संकेत टिपणारी टोपीही चालली नाही. अखेर त्यांच्या सवयीची मांडणी राखून, त्यांच्यासोबत बसून सुधारणा केल्या. नवी यंत्रणा 2014 मध्ये जगापुढे आली. आवाज त्यांनी जुनाच ठेवला, कारण तो त्यांना आपला वाटत होता.

जगप्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी एवढा धीर धरता येतो, मग सोलापुरातल्या एखाद्या अंध आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसासाठी का नाही? उपकरण त्याच्या घरी राहू द्या. त्याच्या खुणा ओळखणाऱ्याला सोबत घेऊन बसा. तो ते कधी जवळ ओढतो, कधी ढकलतो, बघा. ढकलणं हेही मतच असतं.

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारताने 2007 मध्येच मान्य केला. आमच्याविषयीचे निर्णय आमच्याशी सल्लामसलत करूनच घ्यायचे, हे त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा अनुदान देणाऱ्यांनो, पहिल्या दिवसापासून सोबत काम करणाऱ्या दिव्यांग प्रौढांचं मानधन ज्या प्रस्तावात नसेल, तो परत पाठवा. चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र नको. इतर तज्ज्ञांना देता तेवढेच पैसे द्या. बैठकीत माझ्या एका वाक्याला दहा मिनिटं लागतील. तेवढं थांबायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी आमच्या नावावर पैसे मागू नयेत.