मुक्काम जिनिव्हा, समोर माँ ब्लाँ

वैमानिकाचा परदेशातला मुक्काम म्हणजे फुकटची सहल, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मी बॅग घेऊन जिना उतरू लागलो की शेजारच्या काकू हटकून विचारतात, "या खेपेला कुठे मजा?" वाचकहो, त्यांना काय सांगावे! मुक्कामाचे निम्मे तास जातात खोलीचे पडदे ओढून, भर दुपारी रात्र झाल्याची स्वतःची समजूत घालण्यात. उरलेल्या वेळात कोणी दुकाने पालथी घालतो, कोणी बायकोने दिलेली यादी पुरी करतो.

मी एका आखाती कंपनीची विमाने चालवतो. गेल्या जानेवारीत जिनिव्हाला छत्तीस तास मिळाले. झोप उरकून चहा घेतोय तोच माझा सहवैमानिक, नागपूरचा उमदा पोरगा, दारात हजर.

"सर, शामोनीला जाऊ या! बसने सव्वा तास. स्कीला दोन तास मिळाले तरी पुरे."

"स्की नाही," मी म्हटले. "पाय मोडून बसलास तर उद्या उजवीकडच्या खुर्चीत काय तुझी आजी बसणार? नुसते बघायला येतोस तर चल."

शामोनी हे फ्रान्समधले गाव. १९२४ साली हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सामने इथेच झाले. गाव समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर आणि डोक्यावर माँ ब्लाँ, ४८०० मीटरांहूनही उंच. खांद्यावर स्की टाकून माणसे बाजाराला निघाल्यासारखी चाललेली. तीन-चार वर्षांची पोरे उतारावरून घरंगळतात, उठतात, पुन्हा घरंगळतात. हॉटेलांतून वितळलेल्या चीजचा वास येतो. तो मानवायला आपल्या नाकाला दोन-तीन खेपा लागतात!

गावाजवळच बॉसाँ नावाची हिमनदी शिखराकडून थेट दरीत उतरते. हिवाळ्यात ती नुसती पांढरीशुभ्र. मी पोराला ती दाखवली.

"सुंदर आहे, सर," तो म्हणाला. मग त्याला सांगितले.

३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाला येणारे एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान याच डोंगरावर आदळले. माणसे ४८, त्यांत जहाजावरच्या नोकरीसाठी निघालेले खलाशीच फार. त्यांच्या शोधात वर चढलेला रेने पेयो हा वाटाड्याही बर्फात गेला. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी, जवळजवळ त्याच जागी, 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७. माणसे ११७. त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिराबाई पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या.

झाले काय? विमानातला दिशा दाखवणारा एक रेडिओ बंद होता. वैमानिकाला वाटले, माँ ब्लाँ मागे पडला. रडारवरच्या नियंत्रकाने सांगितले की तो अजून पाच मैल पुढे आहे. पण ते वाक्य कॉकपिटमध्ये वेगळेच समजले गेले आणि विमान खाली उतरू लागले. पाच मैल म्हणजे जेट विमानाला पुरते मिनिटही नाही.

आमच्या कॉकपिटमध्ये आज साऱ्या डोंगरांचा नकाशा पोटात घेतलेले यंत्र असते. डोंगर जवळ आला की ते ओरडते, "टेरेन! पुल अप!" त्या काळी ते नव्हते. म्हणून कोणी त्या माणसांना निष्काळजी म्हटले की माझे डोके फिरते.

हिमनदी वाहते, बरे का! मात्र गोगलगायीने मागे वळून हसावे इतकी सावकाश. २०१२ साली तिने १९६६ च्या विमानातली सरकारी टपालाची थैली बाहेर काढली. २०१३ साली एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची डबी सापडली. त्या भल्या माणसाने ती पोलिसांत नेऊन दिली. आणि २०२० साली हिमनदीजवळच्या एका उपाहारगृहाच्या मालकाला भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान, ही बातमी त्यांवर धड वाचता येत होती! डोंगर उतरायला त्या कागदांना ५४ वर्षे लागली.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग जरा बाजूला जाऊन त्याने फोन लावला. "काही नाही गं आई, सहजच. जेवलीस का?" एवढेच मला ऐकू आले. परतीच्या बसमध्ये स्कीचे नाव निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळले होते. उड्डाणानंतर उजव्या खिडक्यांशी प्रवाशांची फोटोसाठी झुंबड उडाल्याचे हवाईसुंदरीने कळवले. रेडिओ पोराकडे होता. नियंत्रकाने उंची सांगितली. पोराने ती शब्द न् शब्द परत म्हणून दाखवली आणि मग, गरज नसताना, आणखी एकदा विचारून घेतली. पलीकडचा आवाज किंचित वैतागलेला वाटला.

मी काही बोललो नाही.